गुण आणि चोथा

औषधाला 'गुण आला' असं आपण म्हणतो. कधी गुण पडतो, कधी महिनाभर पुड्या घेऊनही पडत नाही, आणि एखाद्या वैद्याच्या हातालाच गुण असतो. हा गुण नेमका कुठे बसलेला आहे, ते भाषेनं मोकळं ठेवलं आहे. तो मुळीत असेल, अनुपानात असेल, देणाऱ्याच्या हातात असेल किंवा घेणाऱ्याच्या देहात. औषधशास्त्राच्या इंग्रजीत ही मोकळीक नाही. तिथे 'ॲक्टिव्ह प्रिन्सिपल' असतं, ते वनस्पतीत असतं आणि बाहेर काढता येतं.

मी भाषांतर करते. कथा-कवितांच्या भाषांतरावर घर चालत नाही हे या पानांच्या वाचकांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे गेली दहाएक वर्षं मी औषधांच्या चाचण्यांची माहितीपत्रकं आणि संमतीपत्रंही इंग्रजीतून मराठीत आणते, आणि बडोद्यात राहत असल्यामुळे गुजराती मसुदेही तपासून देते. वनौषधींच्या चाचण्या त्यात बऱ्याच असतात, बहुतेक गुडघेदुखीच्या. त्यात एक वाक्य हमखास भेटतं: अमुक वनस्पतीतून दाह कमी करणारा क्रियाशील घटक वेगळा करण्यात आला आहे. आता ते लिहिताना हात आपोआप चालतो. पण एक घटक क्रियाशील म्हटला की उरलेलं सगळं निष्क्रिय ठरतं. तसं ठरवायचा अधिकार कुणाचा, आणि त्या ठरवण्यानं कुणाकुणाचं देणं बुडतं, हा प्रश्न मला सोडत नाही.

आधी 'दाह'बद्दल. इंग्रजी 'इन्फ्लमेशन'च्या पोटात आग आहे, लॅटिनमध्ये त्याचा अर्थच पेटवणं. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन लेखकानं त्याची चार लक्षणं नोंदवली: लाली, सूज, ऊष्मा आणि वेदना. संस्कृतात या चौकडीची वाटणी झालेली आहे. जळजळीला दाह, सुजेला शोथ, ठणक्याला शूल. मराठी पाठ्यपुस्तकांनी 'दाह' उचलला आणि 'दाहशामक' हा शब्द तयार झाला. पण ज्या बाईचा गुडघा धरला आहे ती दाह म्हणत नाही. ती म्हणते सुजलाय, ठणकतोय, जिना उतरवत नाही. संमतीपत्रात मी 'सूज' लिहिलं की उलट भाषांतरात त्याचं 'स्वेलिंग' होतं आणि वरून लाल शेरा येतो, की मूळ शब्द हा नव्हे. मग 'दाह' लिहायचं आणि कंसात 'सूज व दुखणे' घालायचं, अशी तडजोड ठरून गेली आहे. वेगळं काढण्याची सुरुवात इथेच होते. प्रयोगशाळेत झाड यायच्या आधी दुखण्याचा एक तुकडा बाजूला काढलेला असतो, ज्याला मोजता येतं असा.

यापुढचं मी गुग्गुळाच्या आधारानं बोलते. हळदीबद्दल सगळेच बोलतात, आणि गुग्गुळाची गोष्ट या प्रश्नाला जास्त जवळून भिडते.

गुग्गुळ आपल्याकडे धुपात असतो आणि सांधेदुखीच्या गोळ्यांत असतो. योगराज गुग्गुळ, सिंहनाद गुग्गुळ ही नावं घरोघरी माहीत आहेत. झाड मात्र महाराष्ट्रात बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. ते कच्छचं, सौराष्ट्राचं, राजस्थानच्या कोरड्या पट्ट्याचं आणि पलीकडे सिंध-बलुचिस्तानचं. झाड म्हणणंही जास्तच, पुरुषभर किंवा थोडं वर जाणारं काटेरी झुडूप, वर्षातले कितीतरी महिने निष्पर्ण. त्याच्या सालीला चीर दिली की चीक पाझरतो आणि वाळून त्याचे खडे होतात. एका हंगामात एका झाडापासून मिळतो तो काही शे ग्रॅम.

१९६६ साली डॉ. जी. व्ही. सत्यवती यांनी बनारस हिंदू विद्यापीठात एक प्रबंध सादर केला. सुश्रुतानं मेदाच्या विकारांत गुग्गुळ सांगितला आहे, ते वर्णन वाचून त्यांनी सशांवर प्रयोग केले आणि रक्तातली चरबी उतरते असं दाखवलं. संस्कृत ग्रंथ नीट वाचून त्यातून तपासता येईल असा प्रश्न काढणं ही मला आजही देखणी गोष्ट वाटते. पुढे या संशोधकांनी गुग्गुळ आणि गुळवेल यांचा दाहावरचा परिणामही अभ्यासला. १९७१ साली गुग्गुळातून एक स्फटिकरूप स्टेरॉइडसदृश पदार्थ वेगळा करून त्याचा दाहशामक गुण दाखवणारा लेख आला. १९७२ साली पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतून सुखदेव आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यात गुग्गुळातल्या स्टेरॉइडांची रचना उलगडली होती. 'आयुर्वेदिक कच्च्या औषधींचं रसायन' अशा नावाच्या मालिकेतला तो पहिला निबंध. 'कच्च्या' हे विशेषण लक्षात राहण्याजोगं आहे. वैद्याच्या दृष्टीनंही गुग्गुळ कच्चाच असतो, तो पुरचुंडीत बांधून त्रिफळ्याच्या काढ्यात लोंबता ठेवून शिजवतात, तेव्हा शुद्ध होतो. दोघांच्याही भट्ट्या आहेत, दोघांचाही गाळ निघतो, फक्त गाळून काय हवं याची कल्पना वेगळी.

लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेत मग हे काम औषधापर्यंत गेलं. रीत साधारण अशी. राळ इथाइल ॲसिटेटमध्ये मुरवायची. निम्म्याच्या आसपास भाग विरघळतो. न विरघळणारा भाग बहुतेक डिंकाचा, तो प्राण्यांना बाधतो असं दिसलं, म्हणून टाकायचा. विरघळलेल्या भागाचे आम्ल, आम्लारी आणि उदासीन असे वाटे करायचे. रक्तातली चरबी उतरवणारा गुण उदासीन वाट्यात सापडला, तोच पुढे आणखी गाळत गेले आणि गुग्गुलस्टेरॉनपर्यंत पोचले. दाह कमी करणारा गुण मात्र आम्ल वाट्यात निघाला, आणि तो वाटा वजनानं अगदीच थोडा.

ही गोष्ट वाचल्यापासून मी ती अनेकांना सांगितली आहे. चरबीचं औषध शोधणाऱ्याच्या टेबलावर जो भाग बाजूला सरकवायचा, त्यात सांधेदुखीवाल्याचं औषध होतं. औषधनिर्माणशास्त्रात अर्क काढून उरलेल्या भागाला 'मार्क' म्हणतात. शब्द फ्रेंच आहे, द्राक्षं पिळून उरलेल्या सालपटांचा. मराठीत चोथा. चोथा हे पदार्थाचं नाव नाही, आपण काय शोधत होतो त्याचं ते नाव आहे.

इथपर्यंत आलं की आपल्याकडची लेखणी एका ठरावीक वळणावर जाते. पाश्चात्त्य विज्ञान तुकडे करतं, आपली परंपरा समग्र पाहते, वगैरे. मला हे वळण घ्यायचं नाही. एक तर ते खोटं आहे. गुण कुठे बसतो हा वाद आपल्याकडेही झाला. वैशेषिकांनी सांगितलं की गुण द्रव्याच्या आश्रयानंच राहतो, एकटा राहू शकत नाही. आयुर्वेदानं रस, वीर्य, विपाक अशी मोजणी केली, आणि त्या मोजणीत न बसणाऱ्या परिणामाला 'प्रभाव' असं नाव देऊन तो अचिंत्य म्हणून बाजूला ठेवला. म्हणजे हिशेबात न बसणारं उरतं हे त्यांना ठाऊक होतं. ॲस्पिरिन १८९९ साली बाजारात आलं आणि ते शरीरात नेमकं काय अडवतं हे जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवलं. मधली बहात्तर वर्षं जगभरची डोकी ज्याच्यावर उतरली, त्याला 'प्रभाव' म्हणायला चरकाचीही हरकत नसती.

दुसरं कारण माझ्या आत्याचं आहे. बडोद्यातच तिला एका वैद्याची पुडी सुरू होती, सांध्यांसाठी, 'संपूर्ण वनस्पतीजन्य'. पहिल्या आठवड्यात गुण. तीन वर्षं ती पुडी तिनं घेतली. चेहरा वाटोळा झाला, कातडी कागदासारखी पातळ झाली, साखर वाढली, आणि न पडता मणका दबला. डॉक्टरांनी बघताक्षणी सांगितलं की हे स्टेरॉइडचं आहे. सांधेदुखीच्या तथाकथित जडीबुटीच्या पुड्यांत स्टेरॉइड किंवा वेदनाशामकं मिसळलेली सापडणं ही आपल्या देशात जुनी, पुन्हापुन्हा नोंदवलेली गोष्ट आहे. त्या पुडीला गुण होता, यात वाद नाही. फक्त तो कशाचा होता हे तिला सांगितलेलं नव्हतं. समग्रतेच्या नावाखाली तिला एक अगदी शुद्ध, वेगळा काढलेला रेणू विनापरवानगी दिला गेला होता. वेगळं काढून, नाव देऊन, मात्रा लिहून समोर ठेवणं हा रोग्याचा मान राखण्याचा एक प्रकार आहे, हे मी आत्याकडे बघून मानते. करोनाच्या काळात गुळवेल घेणाऱ्यांपैकी काहींच्या यकृताला इजा झाल्याची नोंद २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी केली. त्यावर आयुष मंत्रालयानं म्हटलं की ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. खरी कुठली हे ठरवायलाही शेवटी रेणूच बघावे लागतात.

आणि वेगळं काढल्यामुळेच गुग्गुळाची परीक्षा होऊ शकली. २००३ साली पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी १०३ माणसांवर आठ आठवडे चाचणी घेतली, गुग्गुलस्टेरॉनचं प्रमाण अडीच टक्के ठरवलेल्या अर्काची. वाईट कोलेस्टेरॉल उतरलं नाही, उलट थोडं चढलं, आणि काहींच्या अंगावर पुरळ उठलं. आपल्याकडे यावर जे बोललं गेलं त्यात राग जास्त होता. एक युक्तिवाद मात्र विचार करण्याजोगा आहे. भावप्रकाशात ताजा गुग्गुळ पुष्टी देणारा आणि जुना गुग्गुळ खरवडून काढणारा, म्हणजे मेद झिजवणारा, असा भेद केलेला आहे. राळेला वय असतं. रेणूला नसतं, तो कालचा असो की दहा वर्षांपूर्वीचा, सूत्र तेच. त्यामुळे 'गुग्गुळ अपयशी ठरला' हे वाक्य मी भाषांतराला आलं तर जसंच्या तसं लिहीन, पण वाचताना मनात म्हणेन, हा अर्क अपयशी ठरला. अर्कात न आलेल्या राळेबद्दल मात्र या चाचणीनं काहीच सिद्ध होत नाही, ती चांगली आहे असंही नाही. परंपरेचे कैवारी इथे हळूच उडी मारतात आणि न तपासलेलं ते सगळं सिद्ध मानतात.

तेव्हा वेगळं काढणं हा अपराध नाही, असं मी समजून चालले होते. कच्छमध्ये हे समजणं थोडं हललं.

पुण्याहून आलेल्या दोन अभ्यासकांबरोबर मी दुभाषी म्हणून नखत्राणा तालुक्यात गेले होते. तिथला एक गृहस्थ, साठीच्या पुढचा, गुग्गुळ काढणाऱ्यांच्या घरातला. त्यानं दोन झुडपं दाखवली. पहिल्याच्या खोडावर जुन्या चिरा होत्या, भरून आलेल्या, त्यांतल्या काही त्याच्या वडिलांनी दिलेल्या. दुसरं वाळून काठी झालेलं. "बेन, हे दोन वर्षांत मेलं," तो म्हणाला. त्याला खोल चीर देऊन वर लेप लावला होता. मोरचूद वगैरे घालून केलेला असा लेप लावला की झाड एका हंगामात भळभळून चीक देतं, नेहमीच्या कितीतरी पट, आणि मग वाळतं. लेप लावणारे बाहेरचे, असं त्याचं म्हणणं. अभ्यासकांपैकी एकानं मला विचारायला लावलं की तुम्ही स्वतः लेप लावता का. तो हसला आणि म्हणाला की व्यापारी वजन करतो, चीर किती खोल ते विचारत नाही. हे उत्तर मी भाषांतरित केलं. त्यात कबुली होती की नव्हती, ते मला दोन्ही भाषांत सांगता येणार नाही.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानं हे झाड अतिसंकटग्रस्त ठरवलं आहे, म्हणजे जंगलातून नामशेष होण्याच्या अलीकडची पायरी. धूप, पारंपरिक गोळ्या, परदेशी जाणारे अर्क, सगळ्यांचा त्यात वाटा आहे. कुणाचा किती हे वेगळं काढता येत नाही.

आणखी एक गोष्ट. त्या गृहस्थाचे स्वतःचे गुडघे धरलेले होते. मी विचारलं, तुम्ही गुग्गुळ घेत असाल ना? त्यानं खिशातून डायक्लोफेनॅकची पट्टी काढून दाखवली. स्वस्त पडते, म्हणाला, आणि लगेच गुण येतो.

डायक्लोफेनॅक हे माणसानं प्रयोगशाळेत घडवलेलं दाहशामक, कुठल्याच झाडाचं त्याला देणं नाही. असं वाटतं खरं. पण हेच औषध गुरांना दिलं जायचं, ती मेली की गिधाडं त्यांना खायची, आणि गिधाडांची मूत्रपिंडं निकामी व्हायची. १९९२ ते २००७ या काळात भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं नव्व्याण्णव टक्क्यांहून जास्त घटली. कारण २००४ साली कळलं, गुरांसाठीच्या वापरावर बंदी २००६ साली आली. शुद्ध रेणूचाही चोथा असतो, तो फक्त भांड्यात उरत नाही, आकाशात उरतो. किंवा उरत नाही.

कच्छहून परतल्यावर मी विलोचा विचार करत होते. युरोपात तापावर आणि दुखण्यावर विलोची साल वापरत. १८२८ साली म्युनिकच्या बुखनर यांनी तिच्यातून सॅलिसिन वेगळं केलं. पुढे कोल्बे यांनी सॅलिसिलिक आम्ल प्रयोगशाळेत तयार करायची रीत काढली, १८९७ साली हॉफमन यांनी त्यापासून ॲस्पिरिन घडवलं. परिणाम असा की आज डोकं दुखलं म्हणून कुणी विलो सोलत नाही. वेगळं काढण्याची क्रिया शेवटपर्यंत नेली गेली आणि तिनं झाडाची सुटका केली. गुग्गुळाचं तसं झालं नाही. रेणू ओळखला गेला, पण बाजारात तो रेणू येत नाही, येतो 'प्रमाणित अर्क'. त्या अर्कासाठी राळ लागतेच, आणि अर्कावर टक्केवारी छापलेली असल्यामुळे ती जास्तच विकली जाते. डबीवर झाडाचं चित्र असतं, त्यानं परंपरेचा विश्वास मिळतो. खाली टक्के असतात, त्यांनी विज्ञानाचा विश्वास मिळतो. झाडाचं देणं विचारलं तर उत्तर येतं की आमचं औषध म्हणजे तो घटक. घटकाचा पुरावा मागितला तर उत्तर येतं की हे झाड हजारो वर्षं वापरात आहे. ही अर्ध्यावर थांबलेली वेगळेपणाची क्रिया मला सगळ्यात अनैतिक वाटते, कारण दोन्ही दारांनी ती घेते आणि दोन्ही दारांवर देणं टाळते. पूर्ण रेणू विकणारा निदान रेणूची जबाबदारी घेतो. काढा देणारा जुना वैद्य निदान पंचक्रोशीत राहत असे.

कायद्याकडे पाहिलं तर तिथेही हीच दोन दारं दिसतात. १९९५ साली अमेरिकेत हळदीनं जखम भरण्याच्या वापरावर पेटंट दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर तेव्हा वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेचे प्रमुख होते, परिषदेनं हरकत घेतली, संस्कृत ग्रंथ आणि जुने लेख असे बत्तीस संदर्भ मांडले, आणि १९९७ साली पेटंट रद्द झालं. त्यानंतर पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल ग्रंथागार उभा राहिला. आयुर्वेद, युनानी, सिद्ध ग्रंथांतले योग इंग्रजी, जर्मन, फ्रेंच, स्पॅनिश आणि जपानी भाषांत आणून परदेशी पेटंट तपासनिसांसमोर ठेवायचे, म्हणजे हे आधीच ठाऊक होतं असं म्हणता येईल. जगात भाषांतराचा इतका निव्वळ संरक्षक उपयोग क्वचित झाला असेल आणि मला त्याचा व्यवसायबंधू म्हणून अभिमान आहे. पण त्यात प्रामुख्यानं आलं ते लिहिलेलं. सांगितलेलं, चीर किती खोल द्यायची हे बापानं मुलाचा हात धरून दाखवलेलं, असल्या ग्रंथागारात कसं येणार?

पुढची पायरी जास्त त्रासदायक आहे. जैवविविधता कायदा २००२ सालचा. वनस्पती वापरून नफा कमावणाऱ्यानं ती राखणाऱ्यांना वाटा द्यावा, असं त्याचं सूत्र. २०१८ साली उत्तराखंड उच्च न्यायालयानं एका मोठ्या आयुर्वेदिक उत्पादकाला सांगितलं की देशी कंपनीलाही हा वाटा द्यावा लागेल. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि संहिताबद्ध पारंपरिक ज्ञानाच्या वापराला या देण्यातून सूट मिळाली. संहिताबद्ध, म्हणजे जुन्या ग्रंथांत नोंदलेलं. सुश्रुतात गुग्गुळ आहे, म्हणून ते ज्ञान सगळ्यांचं. ज्ञान सगळ्यांचं असायला माझी हरकत नाही, माझा धंदाच त्यावर चालतो. पण राळ ग्रंथातून पाझरत नाही. ज्या कलमानं परदेशी माणसाला 'हे आमचं आहे' म्हणून अडवलं, त्याच युक्तिवादानं कच्छच्या माणसाला 'हे तुझं नाही' म्हणून बाजूला केलं.

तुलनात्मक साहित्य शिकलेल्या माणसाला इथे भाषांतराची उपमा देण्याचा मोह होतोच. अर्क म्हणजे भाषांतर, चोथा म्हणजे भाषांतरात हरवलेलं. मी वर्गात असताना अशी उपमा नक्की दिली असती. पण ती टिकत नाही, आणि जिथे तुटते तिथेच मुद्दा आहे. कादंबरीचं वाईट भाषांतर झालं तरी मूळ कादंबरी वाळून काठी होत नाही. दहा वर्षांनी दुसरा कुणी येऊन ती पुन्हा उघडू शकतो, आम्ही सगळे या भरवशावरच चुकांना घाबरत नाही. गुग्गुळाच्या आम्ल वाट्यात आणखी काय आहे, डिंकात काही होतं का, जुनी राळ आणि नवी राळ यांत खरंच फरक पडतो का, हे उद्या कुणाला विचारायचं असेल तर त्यासाठी झाड लागेल. आपण आज जे निष्क्रिय म्हणतो ते 'अजून न विचारलेलं' असण्याची शक्यता कायम असते, आणि झाड मारणं म्हणजे तो प्रश्न आपल्या पुढच्यांच्या हातून काढून घेणं. रेणू वेगळा काढणाऱ्यावर झाडाचं देणं आहे ते मला या जागेवरून दिसतं. ते वृक्षपूजेतून येत नाही, कृतज्ञतेतूनही येईलच असं नाही. अज्ञानातून येतं. आपल्याला पुरतं ठाऊक नाही, म्हणून उरलेलं राखायचं.

आणि माणसाचं देणं? तिथे मी इतकी स्पष्ट नाही. ज्ञानाचा वाटा मागावा तर तो गृहस्थ म्हणेल की गुग्गुळाला दाह उतरतो हे मला ठाऊकही नव्हतं, मी गोळी घेतो. त्याच्याकडे जे आहे ते रोगाचं ज्ञान नाही, झाडाचं आहे. किती चिरायचं, कधी थांबायचं, कुठल्या वर्षी हात लावायचा नाही. अर्काच्या शास्त्रात या ज्ञानाला जागा नाही कारण त्यानं टक्केवारी बदलत नाही. पण तो थांबला नसता तर टक्केवारी काढायला काही उरलं नसतं. कुठल्या कायद्यात 'न केलेल्या चिरेचा' मोबदला कसा लिहायचा, हे मला सुचत नाही. वजनावर पैसे देणाऱ्या बाजाराला ते सुचणं आणखी कठीण.

माझ्या हातात असतं ते माहितीपत्रक. त्यात घटक, मात्रा, दुष्परिणाम, नुकसानभरपाई, सगळ्याला रकाना असतो. राळ कुठून आली आणि झाड जिवंत आहे का, याला नसतो. गेल्या वर्षी एका पत्रकाच्या मसुद्यावर मी समासात तसा प्रश्न लिहून पाठवला. उत्तर सभ्य होतं, की हा मजकूर रोग्याच्या निर्णयाशी संबंधित नाही. असेलही. आत्यानं तो वाचला असता आणि मग सही केली असती की नाही, ते ती आता सांगू शकत नाही. पण वाचला तिनं नक्की असता, ती औषधाच्या डबीवरचं शेवटचं अक्षरसुद्धा भिंग लावून वाचायची. निदान पुडी बंद झाल्यानंतर.

कच्छमध्ये आता काही ठिकाणी गुग्गुळाची कलमं लावली जात आहेत. फांदी रोवली की जगते, पण चीर देण्याजोगं खोड व्हायला आठ-दहा वर्षं जातात. त्या गृहस्थाच्या कुंपणाशीही अशी दहा-बारा कलमं होती, गुडघाभर उंचीची, बकऱ्यांपासून वाचवायला भोवती बाभळीचे काटे रचलेले. मोठ्या मुलाला यात रस नाही, तो गांधीधामला ट्रान्सपोर्टमध्ये आहे, असं तो सांगत होता. मी विचारलं, मग ही कुणासाठी लावलीत? माझ्याबरोबरच्या अभ्यासकांना उत्तर हवं होतं, त्यांची वही उघडी होती. तो काटे नीट करत राहिला.